मीच औषध दिलं

आमच्या नांदूरघाटात सकाळच्या वेळी कुणी कडी वाजवत नाही. हाक मारतात, नाहीतर सरळ स्वयंपाकघरापर्यंत येतात. त्या दिवशी सात वाजता मी माझ्या लेकीच्या, सायलीच्या वेण्या घालत होते, सर, म्हणजे शाळेत मास्तर असलेले माझे नवरे, परसात दाढी करत होते, माझा एक डोळा गॅसवरच्या दुधाकडे होता, आणि पुढच्या दाराची कडी वाजली. हळू, दोनदा.

दार उघडलं तर चंद्रभागाबाई. अकरा वर्षं ही बाई मागच्या दारानं येते, तीही आधी "ओ मास्तरीणबाई!" म्हणून अख्खी गल्ली जागी करत. आज कडी वाजवली, कारण हाक मारली तर आवाज गल्लीत ऐकू जाईल.

"आत या की," मी म्हटलं.

"हितंच बरी हाय," त्या म्हणाल्या, आणि उंबऱ्याबाहेर चप्पल काढून उभ्या राहिल्या.

चंद्रभागाबाईंचं माहेर दिंद्रुड. लग्नानंतर नऊ हंगाम नवऱ्याबरोबर, त्रिंबकरावांबरोबर, त्यांनी ऊस तोडला. दहाव्या हंगामात मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना त्रिंबकराव पडले आणि कमरेतून गेले. कोयता म्हणजे आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी. एकट्या बाईला 'अर्धा कोयता' म्हणतात, आणि अर्ध्या कोयत्याला कुठला मुकादम नेणार? तेव्हा शाळेतली खिचडी शिजवायचं काम त्यांच्या हाती आलं. पोरं त्यांना खिचडीआक्का म्हणायची. कुणाला मटकी चालत नाही, कुणाच्या दाढेत कीड आहे, कुणाच्या घरी रात्री चूल पेटलेली नाही, हे सगळं त्यांच्या पळीला ठाऊक. घरी सासू अंथरुणाला खिळलेली. तीन वर्षं त्यांनी तिचं हागणं-मुतणं काढलं. गेल्या दिवाळीत म्हातारी गेली.

मग हिवाळ्यात टीव्हीवाले आले.

'पत्ता सापडेना' ही मालिका आमच्याकडे सगळे बघतात. एक रिटायर्ड पोस्टमास्तर असतो, त्याची एक शेळी असते, आणि दोघं मिळून गावोगावचे खून शोधून काढतात. पोस्टमास्तर विचार करतो आणि शेळी पुरावा खाते, असा एकूण प्रकार. त्यांना एका भागासाठी साधी गावाकडची बाई हवी होती. चंद्रभागाबाई शेळीला शिव्या देत होत्या, ते ऐकून दिग्दर्शक म्हणाला, हीच. काम एवढंच: दम्यानं आजारी असलेल्या म्हाताऱ्याची मोलकरीण. म्हातारा मरतो. पोस्टमास्तर विचारतो, "शेवटचं त्यांना काय दिलं?" आणि हिनं कॅमेऱ्याकडे बघून म्हणायचं, "मीच औषध दिलं. माझ्या हातानं दिलं."

लिहिणारा पुण्याचा. त्याच्या डोक्यात दम्याची बाटली. आमच्याकडे डॉक्टर देतो ती दवा, नाहीतर गोळ्या. औषध म्हणजे कपाशीवर फवारायचं. 'त्यानं औषध घेतलं' एवढं म्हटलं की बाया तोंडाला पदर लावतात, पुढचं कुणी विचारत नाही. आश्चर्य म्हणजे शूटिंगच्या दिवशी निम्मं गाव तिथं उभं होतं आणि एकालाही हे खटकलं नाही. मलाही नाही. सगळे शेळीकडे बघत होतो.

त्या भागात शेवटी कंपाउंडर पकडला जातो. त्यानं बाटली बदललेली असते. पोस्टमास्तर मोलकरणीला हात जोडतो. पण गावात फिरली ती दहा सेकंदांची क्लिप. चंद्रभागाबाईंचा चेहरा, आणि ते वाक्य.

पहिले दोन दिवस थट्टाच होती. तिसऱ्या दिवशी त्यांची जाऊ शिवकन्या हातपंपावर म्हणाली, "मी कशापायी बोलू? आमच्या सासूबाई गेल्या त्या दिवशी त्यांनी चांगलं खाल्लं-पिलं होतं. हिनंच भरवलं. आता तिच्याच तोंडानं आलं बघा." आणि घागर उचलून चालती झाली. शिवकन्येनं खिचडीच्या कामासाठी दोनदा अर्ज केला होता, हे हातपंपावरच्या एकूणएक बाईला माहीत होतं. तरी बाया घागरी भरत राहिल्या.

शाळेत पोरांनी गाणं केलं: "आक्का आक्का, औषध टाका!" ताट पुढं करायचं, वाढून घ्यायचं, आणि भिंतीपलीकडे उपडं करायचं. पाचवीतल्या एका पोरीनं खाल्लं, तर तिच्या आईनं येऊन तिच्या घशात बोटं घालून ओकायला लावलं. चंद्रभागाबाई पळी हातात घेऊन बघत होत्या. त्या पोरीला त्यांनी पहिलीपासून जेवू घातलं होतं.

मग त्यांनी एक केलं. मधल्या सुट्टीत ग्राउंडच्या मधोमध मांडी घातली आणि सगळ्यांदेखत दोन ताटं खिचडी खाल्ली. वर तांब्याभर पाणी. "बघा, मेले का?"

कुंपणाबाहेर शिवकन्या होती. "जी घालती, तिला उतारा ठावं असतो!" ती ओरडली, आणि पोरं हसली. हसणाऱ्यांत एक मास्तरही होते. आमचे सर नव्हते, पण नियमाप्रमाणे पोरांआधी चव घ्यायची पाळी त्या आठवड्यात सरांची होती. वहीत रोज त्यांची सही आहे. चव त्यांनी घेतली नाही.

मी शिकलेली बाई, मला वाटलं पुरावा दाखवला की झालं. शनिवारी शाळेच्या टीव्हीवर पूर्ण भाग लावला. पन्नासेक माणसं आली. शेळीनं वॉरंट खाल्लं तेव्हा लोटपोट हसली. कंपाउंडर पकडला गेला, पोस्टमास्तरनं हात जोडले. शाळा समितीचे अध्यक्ष राधाकिशनराव उठले आणि धोतर झटकत म्हणाले, "मास्तरीणबाई, ती गोष्ट हाय. गोष्टीत काय, सुटती बाई." चंद्रभागाबाई मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या. तंबाखू मळत राधाकिशनराव त्यांच्याकडे वळले. "काय गं, मग त्या येळी म्हातारीला खरं काय दिलतंस?"

"भात," त्या म्हणाल्या. "दूधभात."

"बरं बरं," ते म्हणाले, आणि लोक परत हसले. राधाकिशनराव माणूस वाईट नाहीत. त्यांना फक्त गर्दी कुठं वळते ते आधी कळतं. त्यांनी सोमवारी दहाला समितीची बैठक लावली. खिचडीचं काम कुणाकडे, एवढाच विषय.

तोच हा सोमवार.

"बसा तरी," मी म्हटलं. "चहा टाकते."

"तुमचा न्हाई प्यायला आले." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "एक इचारू? राग न्हाई ना धरणार?"

"विचारा."

"मागल्या बुधवारी मी धपाटे दिलते. तुमाला आवडतात म्हणून, जास्तीचे तीळ लावून."

"हो. छान होते," मी म्हटलं.

"तुमी ते शेजारच्या गाईला घातले. मी बोळातून येत होते, मला दिसलं." आवाजात राग नव्हता. ताटात कमी पडलंय का, असं पोरांना विचारायच्या तसं त्यांनी विचारलं, "गाय बरी हाय ना?"

दूध उतू गेलं. जळका वास पार दारापर्यंत आला, सायली आतून ओरडली, आणि मी तिथंच उभी राहिले. त्या दिवशी मी स्वतःला काय सांगितलं होतं? पोर लहान आहे, उगाच कशाला. एवढंच. गावात प्रत्येक घरानं स्वतःला एवढंच सांगितलं होतं.

"गाय बरी आहे," मी म्हटलं.

"मंग झालं." त्यांनी चप्पल पायात सरकवली. "बैठकीत माझ्या बाजूनं बोलू नका. तुमी लई बोललात, काय उपेग झाला न्हाई. सरांनाबी काही म्हणू नका. दहाच्या आधी माझ्या घरी या. ओट्यावर बसा, रस्त्याकडं तोंड करून. आन् माझ्या हातचा एक कप चहा प्या."