साबणानं बुजवलेली टाकी

माझ्या भाटव्यांइतका निर्धास्त माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात झाला नाही, आणि जिल्ह्याच्या भल्यासाठी पुन्हा होऊही नये! भाटवे म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, मुक्काम सेलू. नव्वद सालानंतर कधीतरी त्यांनी पेट्रोलवर चालणारी एक म्हातारी पिकअप घेतली आणि तिच्यातून कापूस, गहू, लग्नाची वरात, मिळेल ते वाहू लागले. गाडीची टाकी पहिल्या दिवसापासून गळत होती. पण वेल्डिंगवाल्याकडे जातील ते भाटवे कसले! गळतीवर ते अंगाचा साबण चोळून बसवायचे. न्हाणीतला साबण जागेवर नसला की ताई समजायची, यजमान गाडीखाली आहेत. तिनं एकदा कपड्यांचा साबण पुढे केला, तर म्हणाले, "तिले वासाचाच लागते."

या गाडीत चप्पल घालून बसायला सक्त मनाई, बिडीला मात्र मोकळीक! आष्टीच्या बाजाराला जाताना मी नाक दाबून म्हटलं, "भाटवे, पेट्रोलचा वास येतोय हो." पेट्रोलचा काटा कधीच बंद पडला होता. ते शांतपणे म्हणाले, "वास येऊन राह्यला म्हंजे पेट्रोल हाये. वास गेला का समजजो, संपलं." आणि शेजारच्या गिऱ्हाइकाच्या बिडीसाठी खिशातली माचिस काढून दिली. मी दाराची कडी घट्ट धरून बसलो. गिऱ्हाईक मजेत झुरके घेत होतं.

दसऱ्याला गाडीची पूजा असायची. त्या वर्षी भाटव्यांच्या भक्तीला ऊत आला. मोटरचा पाइप लावून त्यांनी गाडी खालूनसुद्धा धुतली. आता साबणाला पाणी लागल्यावर काय होतं हे शेंबडं पोरही सांगेल, पण आम्हा शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही. अंगणात पाणी साचलेलंच होतं, त्यावर पेट्रोल पसरलेलं दिसलं नाही. आणि वास? तो तर रोजचाच. ताई आरतीचं ताट घेऊन मागच्या चाकाला ओवाळायला वाकली आणि ताटातली कापराची जळती वडी खाली पडली.

भक्कन पेट घेतला. ताईच्या पायाशी, पदराशी आग! अहो, मी तिथेच उभा होतो, हातभर अंतरावर, आणि माझे पाय हलेनात. भाटवे मात्र हातातल्या गाडीच्या हारासकट धावले. तिला ओढून ओट्यावर आणलं, पेटलेला पदर मुठींनी चुरगाळून विझवला, पाय ओल्या पोत्यात गुंडाळले. मागे गाडी धडधडून पेटली होती. शेजारी रेती टाकत होते, ओरडत होते. भाटव्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

"लागलं काय वं तुले? सांग ना मले, कुठं लागलं?"

"अवो, तुमची गाडी जळून राह्यली!"

"जळू दे तिले. तू सांग."

ताईच्या पावलाला नुसता चटका बसला होता. ते पाऊल मांडीवर घेऊन भाटवे फुंकर घालत राहिले, आणि हुंदके देत राहिले. त्यांचे स्वतःचे दोन्ही तळहात सोलवटून निघाले होते, हे आम्हाला आणि त्यांनाही पुष्कळ वेळानं कळलं.