दोन्या तोमासानं गाडी विकली का?

आमच्या नोगालेसमध्ये गाडी असलेला माणूस पलीकडे चालत जात नाही. पलीकडे म्हणजे कुंपणापलीकडचं नोगालेस. नाव एकच, मध्ये लोखंडी कुंपण आणि दोन देश. पायी गेलं तर पाऊण तासात काम होतं, गाडीनं तीन तास. तरी गाडीवाला रांगेत बसणार, बरितो, म्हणजे मांस भरून गुंडाळलेली पोळी, खाणार आणि शेजारून पुढे सरकणाऱ्या पायी लोकांकडे दयेनं बघणार. कारण ओळखीच्या कुणी त्याला पायी पाहिलं, की संध्याकाळपर्यंत गावभर एकच प्रश्न: गाडी विकली का?

या नियमाची पुजारीण म्हणजे माझी शेजारीण, दोन्या तोमासा; दोन्या म्हणजे आमच्याकडे मानानं 'बाई'. वय त्रेसष्ट, धंदा शिवणकामाचा. आधी अकरा वर्षं ती पलीकडच्या टोमॅटोच्या गोदामात कामाला होती, आणि अकरा वर्षं पहाटे चारला पायी रांगेत उभी राहिली. त्या कमाईतून तिनं एक निळी, लांबलचक, जुनी गाडी घेतली. बावन्नाव्या वर्षी ती गाडी चालवायला शिकली, असं ती म्हणते. आणि ग्वादालुपेच्या मातेपुढे शपथ घेतली, की हे पाय पुन्हा त्या रांगेत पडायचे नाहीत.

मे महिन्यातला शनिवार होता. दोन्याच्या नातीचं, इत्सेलचं, पंधरावं होतं. मुलगी पंधराची झाली की आमच्यात लग्नाइतका थाट करतात. नवरा तेवढा नसतो, त्यामुळे सगळे आनंदात असतात. मोरपंखी झगा दोन्यानं चार महिने खपून शिवला होता, आणि शेवटचा टाका सकाळी सातला घातला. अकराला पलीकडच्या चर्चमध्ये प्रार्थना. मी मागच्या सीटवर, झगा माझ्या मांडीवर, आणि त्याच्या घेराची तार माझ्या नाकात.

"मास्तर, झगा चुरगाळलात तर उतरवून देईन," दोन्या आरशातून म्हणाली. मी प्राथमिक शाळेत शिकवतो. तिच्या लेखी तो कपडे धरायचा दाखला आहे.

दुसऱ्या दिवशी मातृदिन. अख्खं गाव आईला भेटायला पलीकडे निघालेलं. पावणेदहाला आमच्या पुढे निदान साठ गाड्या होत्या.

बरितोवाला रोसेंदो खिडकीशी आला. "दोन्या, चालत गेला असतात तर आत्तापर्यंत केक कापून झाला असता."

"तू तुझे बरितो विक रे. त्यात मांस घालायचं विसरलायस, ते आधी बघ."

फोन वाजला. पलीकडून दोन्याची मुलगी, इत्सेलची आई नेरेइदा. "आई, कुठं आहेस?"

"आलेच. पोचलेच समज."

"म्हणजे रांगेत आहेस! आई, फादर थांबणार नाहीत, बाराला त्यांच्याकडे लग्न आहे. इत्सेल परकरावर बसलीय. म्हणतेय, आजीचाच झगा घालीन, नाहीतर बाहेर येणार नाही."

दोन्यानं फोन ठेवला. स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरलं, जणू ते ओढलं की रांग पुढे येईल. दहा वाजले. आम्ही चार गाड्या सरकलो होतो.

"दोन्या," मी म्हणालो, "उतरा. गाडी मी आणतो. मला येते चालवायला, आणि पलीकडे जायचं माझं कार्डही आहे खिशात."

"शपथ आहे माझी."

"शपथ रांगेत उभं न राहण्याची ना? ही काय आहे मग?"

तिनं वळून माझ्याकडे असं बघितलं, की मी मनातल्या मनात शाळेचा राजीनामा लिहिला. आणि तिनं दार उघडलं.

झगा कडेवर मावेना, काखेत मावेना. शेवटी तिनं तो डोक्यावर घेतला. खाली दोन्याचे दोन पाय, वर फुललेला मोर. पायी लोकांची रांग आमच्या गाडीशेजारच्या कठड्याला लागूनच होती, आणि रांगेच्या शेपटाशी नेमकी चोले उभी. चोले म्हणजे दोन्याची चाळीस वर्षांची मैत्रीण आणि तेवढ्याच वर्षांची वैरीण.

"अगं बाई! तोमासा? पायी?" चोलेचा आवाज बरितोवाल्यापर्यंत गेला. "गाडी विकलीस का ग?"

मी डोळे मिटले.

"नाही विकली," झग्याखालून आवाज आला. "नातीचं पंधरावं आहे. अकराला. पोरगी परकरावर बसलीय. मला उशीर झालाय, चोले." शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज फुटला. चाळीस वर्षांत चोलेनं तो तसा ऐकला नसावा.

चोलेनं पिशवी खांद्यावर टाकली. "ए, वाट द्या! पंधरावं आहे! पोरगी परकरावर बसलीय! हो बाजूला, तुला आई नाही का?"

आणि मातृदिनाच्या रांगेत हा प्रश्न कुणाला झेपणार? माणसं कठड्याला चिकटून उभी राहिली. कुणी झग्याची किनार उचलून धरली, कुणी "किती सुंदर!" म्हणालं. मी गाडीतून बघत होतो: डोक्यांवरून मोरपंखी ढग पुढे चालला होता आणि त्याच्यापुढे चोलेची शिवीगाळ.

मी पलीकडे पोचलो साडेबाराला. नाक्यावर अधिकाऱ्यानं विचारलं, गाडी कोणाची? म्हटलं, दोन्या तोमासाची. ती कुठं? चालत पुढे गेली. त्यानं डिकी उघडायला लावली. आत सुया, दोरे आणि तिचे उंच टाचांचे बूट.

चर्चच्या पायऱ्यांवर फोटो चालले होते. मधोमध इत्सेल, मोरपंखी, रडून नाक लाल. शेजारी दोन्या, धुळीनं भरलेल्या सपाता घालून. मला बघताच तिनं विचारलं, "गाडीला ओरखडा नाही ना?"

आता दर शनिवारी ती चोलेबरोबर पायी जाते, भांडत भांडत, आणि नातीकडे नाश्त्याच्या आधी पोचते. गावात विचारणारे विचारतातच.

"विकली कसली?" दोन्या म्हणते. "ड्रायव्हर ठेवलाय. मास्तर आहे."

अन् मी रांगेत बरितो खात असतो.