हुंकाराचा दंड

जुन्नरच्या पीरमहंमद पिंजाऱ्याने जन्मभर लोकांच्या झोपेसाठी गाद्या भरल्या. लेकीसाठी मात्र भरल्या त्या भिंतींना टांगायला. अमरीनला घरबसल्या नोकरी लागली होती. विलायतेत कुणाचा पाणी तापवायचा बंब बिघडला की तो फोन करायचा, आणि तो उचलायची जुन्नरात बसलेली अमरीन. गल्लीतला कोंबडा, रिक्षाचा भोंगा, नळावरची भांडणं तिकडे ऐकू जायला नकोत, म्हणून बापाने खोलीच्या चारी भिंती गाद्यांनी मढवल्या. खिडकीसुद्धा सोडली नाही. केलं ते मायेपोटी, मग तक्रार तरी कुणाकडे करायची?

अमरीनचं इंग्रजी खणखणीत, पण पक्कं जुन्नरचं. वाक्याच्या सुरुवातीला ‘ॲक्च्युअली’, शेवटाला ‘ना’, आणि अधेमधे कुठेतरी ‘ओन्ली’. ‘डू वन थिंग’ म्हटल्याशिवाय तिला बंबाचं बटण सांगताच येत नसे. शिवाय समोरचा बोलत असताना ‘हां, हां’ हा हुंकार चालूच. आपल्याकडे ऐकणाऱ्याने हुंकार दिला नाही तर सांगणाऱ्याचा जीव अर्धा होतो. पण प्रत्येक फोन ऐकून गुण देणाऱ्या कंपनीच्या संगणकाला ही रीत कोण शिकवणार? तो मेला प्रत्येक ‘ना’ला, प्रत्येक ‘हां’ला गुण कापायचा.

पुण्याच्या ऑफिसात एक जागा निघाली होती. सलग तीन महिने नव्वदच्या वर गुण पडले तर बोलावणं येणार होतं. अब्बांनी शब्द दिला होता, “कंपनीनं बलावलं तर खुशाल जा. तवर घरातच बसून कर.” सव्विसाव्या वर्षी घराबाहेर पडायला तिच्यापाशी तेवढं एकच दार होतं.

मग तिने जिभेला लगाम घातला. एक हुंकार निसटला की डाव्या हाताने मांडीला करकचून चिमटा. मांडी काळीनिळी झाली, पण दोन महिने निभावले. घरातही तिचं बोलणं आटलं. आई, नूरबी, कुरकुरायची, “आमी काय गुन्हा केला गं? दोन शब्द बोलत न्हाईस.”

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या दुपारी एका म्हातारीचा फोन आला. बंब रोज नवराच चालू करायचा, आणि तो गेल्या आठवड्यात वारला. आता कुठलं बटण दाबायचं तेही तिला ठाऊक नव्हतं. सांगता सांगता ती रडायला लागली. अमरीनच्या ओठांवर ‘हां’ आला. तिने मांडीला चिमटा काढला आणि हुंकार गिळला. म्हातारी बोलायची थांबली. “तिकडे कुणी आहे का?” तिने इंग्रजीत विचारलं.

“येस, मॅडम,” अमरीन म्हणाली आणि डावीकडचं दुसरं बटण दाबायला सांगितलं. म्हातारीने आभार मानून फोन ठेवला. अमरीनला स्वतःची शिसारी आली. त्या महिन्यात तिला सत्त्याण्णव गुण पडले.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून सिद्धीमॅडमचा फोन आला. त्या अमरीनच्या वरिष्ठ. “अगं, तुझ्याकडे इतकी शांतता असते की तेवढी आमच्या ऑफिसातही नसते. म्हणून तुला घरूनच कायम करतोय. इथली जागा दुसऱ्या मुलीला दिली. खूश ना?”

अमरीन थँक यू म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

पीरमहंमदने त्यातलं ‘कायम’ तेवढंच ऐकलं आणि पेढे घेऊनच घरी आला. गाद्यांच्या खोलीत लेकीसमोर मांडी घालून बसला आणि सुरू झाला. “आता दारालाबी आतून गादी मारतो. शेवरीचा कापूस घालतो, लई दाट. बाहेरचं कायबी आत यायचं न्हाई बघ.” किती लांबी, किती रुंदी, सगळं हातवारे करून सांगत होता. मध्येच थांबला.

“अमरीन, ऐकतीस न्हवं? नुसतं ‘हां’ तरी म्हण की, बेटा.”

अमरीनने तोंड उघडलं. पण त्याआधीच तिचा डावा हात मांडीवर गेला होता.