मठातून बोर्डावर

मंगरूळपीरपासून दोन कोसांवर आमचा मठ होता. मठ म्हणजे गुरूंची समाधी, तिच्यावर टिनाचं छप्पर, पुढे ओसरी आणि मागे माझी एक खोली. गुरू गेले तेव्हा मी पंचविशीत होतो. घरदार आधीच सुटलं होतं, त्यामुळे मठाशिवाय मला जायला दुसरी जागा नव्हती. दर गुरुवारी आसपासच्या खेड्यांतली माणसं येत. समाधीवर डोकं टेकवून झालं की एकेक जण ओसरीत माझ्याजवळ बसे आणि आवाज खाली आणून बोले. कुणाची सून माहेरी निघून गेलेली असे, कुणी भावाच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रागाच्या भरात नांगर घातलेला असे. मी फारसं काही सांगत नसे, ऐकून घेत असे. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोघेही माझ्याकडे येत, आणि एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानी जाणार नाही याची दोघांनाही खात्री असे.

बाकीचे सहा दिवस मी एकटा असे. एकटा म्हणजे, संध्याकाळी एक म्हातारा कुणबी यायचा. त्याचं शेत मठाला लागून होतं. बैल सोडले की तो ओसरीच्या कडेला पाय सोडून बसे, मी पोथी वाची, तो ऐके. वीस वर्षं हे चाललं. हंगामात तो तुरीचे सोले, म्हणजे ओले दाणे, घेऊन यायचा, आम्ही ते मिठाच्या पाण्यात उकडून खायचो. आम्ही एकमेकांना कधी मित्र म्हटलं नाही. पण तो एखाद्या दिवशी आला नाही तर पोथी उघडावीशी वाटत नसे.

गावाला पिण्याच्या पाण्याची एकच विहीर होती आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीला ती बंद होती. उन्हाळ्यात त्या वस्तीतल्या बाया रिकामे घडे घेऊन उन्हात तासन्‌तास उभ्या राहत. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जाई. तालुका बोर्डावर आमच्या भागाचा मेंबर होता तो मोठा जमीनदार होता आणि संध्याकाळी येणाऱ्या त्या म्हाताऱ्याचा व्याही होता, म्हणजे म्हाताऱ्याची मुलगी त्याच्या घरात दिलेली. मी त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, बोर्डाकडून त्या वस्तीला वेगळी विहीर मंजूर करून द्या.

तो हसून म्हणाला, “महाराज, तुमी पोथी वाचा. बोर्डाचं आमी पाहून राह्यलो ना.”

ही गोष्ट गावात पसरली आणि पुढच्याच गुरुवारी चारपाच माणसं माझ्यापुढे येऊन बसली. “महाराज, यंदा तुमीच उभे राहा. तुमच्यापुढे कोण टिकते?”

मी आठ दिवस विचार केला. मंगरूळपीरला दर्ग्यावर एक मुजावर होता, माझ्याच वयाचा. बाजाराला गेलो की मी त्याच्याकडे चहा घ्यायचो. त्यालाही पूर्वी कुणीतरी निवडणुकीला उभं राहायचा आग्रह केला होता आणि त्याने नकार दिला होता. मी त्याला विचारलं, काहून?

तो म्हणाला, “माह्याकडे सगळेच येतात ना. हिंदू येतात, मुसलमान येतात, भांडलेले येतात. मी एकाचा झालो तं बाकीच्याइनं कुठं जावं?”

“आणि त्या बायांचं पाणी?” मी म्हणालो.

त्याने चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाला, “त्याचं मले समजत नाही, महाराज. खरंच समजत नाही.”

मी उभा राहिलो.

त्या काळी मत सगळ्यांना नव्हतं. ज्यांचा शेतसारा ठरावीक रकमेच्या वर होता त्यांनाच ते होतं, म्हणजे ज्यांच्या पाण्यासाठी मी उभा होतो त्यांच्यातल्या एकालाही नव्हतं. मतं मागायची ती विहिरीवर हक्क असलेल्यांकडे. माझ्या बाजूची माणसं गावोगाव बैलबंडी घेऊन फिरली. मी सोबत जात नसे. मला वाटे, मी मठातच बसलेलं बरं दिसेल. पंधरा दिवसांनी मला कळलं की ती माणसं समाधीवरचा अंगारा पुड्यांत बांधून नेतात, आणि घरोघरी लोकांच्या हातात बेलाचं पान देऊन शपथ घालतात: मत महाराजांनाच. मी रागावलो, पण रागावलो तो मनात. त्यांना बोलावून पुड्या परत घेतल्या नाहीत. विहीर होणं महत्त्वाचं, असं मी स्वतःला सांगितलं. आता लिहिताना वाटतं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे विहिरीइतकीच त्या जमीनदाराची हसरी मुद्राही होती.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी म्हातारा आला. मी पोथी उघडली, पण त्याने हात वर करून मला थांबवलं.

“महाराज, एक इचारू? तुमाले मत नाही देलं तं पाप लागते का?”

“असं का विचारता?”

“तुमच्या माणसाइनं मले बेल देला. म्या घेतला. नाही कसा म्हनू, तुमच्या नावाचा बेल. आन पोरगी तिकडं त्याच्या घरात हाय. व्याह्याले कळंल तं पोरीले बोलन बसंल.”

एवढंच सांगायला हवं होतं की पाप लागत नाही, तुमचं मत तुमच्या मर्जीचं आहे, आणि जिथे देवाला साक्षीच धरायला नको तिथे घेतलेली शपथ मी सोडवली. चार शब्दांचं काम होतं. पण लढत अटीतटीची आहे, एकेक मत मोलाचं आहे, असं मला दुपारीच कुणीतरी सांगून गेलं होतं. मी पोथीवर हात ठेवून म्हणालो, “आपल्या मनाला विचारा. आतून जे येईल ते करा.”

ऐकायला हे फार चांगलं वाटतं. गुरुवारी मी अनेकांना असंच काहीबाही सांगत आलो होतो. त्याने मान हलवली, समाधीला हात जोडले आणि पोथी न ऐकताच गेला.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या शाळेत मतं पडली. मी बाहेर लिंबाच्या झाडाखाली घोंगडीवर बसलो होतो. लोक येत, माझ्या पायांवर डोकं ठेवत आणि आत जात. म्हातारा आला तेव्हा पाया पडला नाही. मान खाली घालून तो सरळ आत गेला, आणि बाहेर आला तो दुसऱ्या बाजूने निघून गेला. मला कळायचं ते कळलं.

मी थोड्या मतांनी निवडून आलो. वर्षभरात वस्तीला विहीर झाली, आणि पाणी गोड लागलं. पहिला घडा भरला तेव्हा त्या बायांनी मला ओवाळलं. एका म्हातारीने ओंजळभर पाणी घेतलं आणि स्वतःच्याच तोंडावर मारलं. तो दिवस मी कुणालाही परत देणार नाही.

पण म्हातारा यायचा थांबला होता. गुरुवारी गर्दी वाढली, मात्र ती आता कागद घेऊन येई. कुणाला रस्ता हवा, कुणाला शाळेत मास्तर. सगळे मोठ्याने बोलत. आवाज खाली आणून कुणी काही सांगेना. ज्यांनी दुसरीकडे मत दिलं होतं ती घरं तर मठाची वाटच चुकवून जाऊ लागली. संध्याकाळी मी पोथी घेऊन बसे, दोन पानं वाची, आणि ऐकणारं कुणी नाही हे जाणवलं की आवाज आपोआप बंद होई.

एका दुपारी म्हाताऱ्याची मुलगी आली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून उभी राहिली. “बाबा लय बिमार हायेत. आधी बैल मेला, मंग ह्यो ताप. दवा घेत नाहीत. म्हन्तात बेल फिरला, आता वाचत नाही.”

मी तसाच निघालो. दारात त्याच्या मुलाने मला अडवलं. “आता कायले आले, महाराज?”

“त्यांना एक गोष्ट सांगायची राहिली आहे.”

तो बाजूला झाला. म्हातारा खाटेवर होता, फार बारीक झालेला. मी खाली जमिनीवर बसलो आणि म्हणालो, “पाप तुम्हाला लागलेलं नाही. तो बेल देवाचा नव्हता, निवडणुकीचा होता. दवा घ्या.”

त्याने डोळे उघडले. “हे तवाच काहून नाही सांगतलं?”

मी म्हणालो, “मला निवडून यायचं होतं.”

वीस वर्षांत मी त्याच्याशी इतकं उघडं कधीच बोललो नव्हतो. वाटलं, तो रागावेल, रडेल. त्याने मुलीला खूण केली, तिने दवेची वाटी तोंडाला लावली. ती संपवून तो भिंतीकडे वळला. मी उठलो.

तो बरा झाला. शेतात जाऊ लागला. धुऱ्यावर गाठ पडली की थांबून दोन्ही हात जोडी. “राम राम, मेंबरसाहेब.” त्यात टोमणा नव्हता. एखाद्या साहेबाला करावा तसा नमस्कार होता, आणि तो करून तो पुढे जाई. मुदत संपल्यावर मी पुन्हा उभा राहिलो नाही. पण त्याच्या लेखी मी मेंबरसाहेबच राहिलो.

पुढे काही वर्षांनी तो गेला. मला निरोप आला नाही. वाशिमहून कुणी बुवा आणून पोथी वाचून घेतली, असं नंतर कळलं. तेराव्याला मात्र आवतन आलं. अंगणात पंगत बसली होती, भाऊबंद, शेजारी, वस्तीतली माणसं जरा लांब. मी पंगतीत जागा बघत होतो तेवढ्यात त्याच्या मुलाने येऊन माझा हात धरला आणि मला ओसरीवर नेलं. तिथे पांढरी चादर अंथरली होती. तलाठी बसला होता, आणि त्याच्या शेजारी तो जमीनदार व्याही.

“या महाराज,” व्याही सरकून म्हणाला, “आपली जागा इथंच.”

मी बसलो. पत्रावळ आली, वरण आलं. खाली अंगणात लोक त्याच्या आठवणी काढत होते. ओसरीवर त्यांचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं.