पट्टीमामा आणि शिंपीकाकांचा पाय

पट्टीमामांना वस्तीत कुणी नावाने हाक मारत नसे. खांद्याला निळी पिशवी, पिशवीत कापूस, कात्री, चिमटा, मिठाच्या पाण्याच्या बाटल्या, अंगात इस्त्री नसलेला पण स्वच्छ धुतलेला शर्ट, आणि दारात उभं राहून घालायची ती साद, "आहे का कुणी जागं?" भर दुपारीसुद्धा हीच. आतून ठरलेलं उत्तर यायचं, "जागे आहोत, पण उठवत नाही." पट्टी बांधणारा हसत घरात आला की निम्मं दुखणं तिथेच खाली बसतं, असं त्यांचं मत होतं.

टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत वस्तीने मिळून दवाखाना चालवला होता. एक डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा यायच्या. ज्यांना जिना चढवत नाही, त्यांच्या घरी पट्टीमामा जायचे. अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठी, साखरेने चिघळलेले पाय, भाजलेले हात. त्यांची एक रीत होती. आधी साबणाने हात धुवायचे आणि उघडा हात माणसाच्या अंगावर ठेवायचा, खांद्यावर नाहीतर पावलावर. "काय म्हणतंय?" असं विचारायचं. मग पुन्हा हात धुऊन हातमोजे चढवायचे. डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं, "दोनदा धुण्याचा हा उपद्व्याप कशाला?"

"पहिल्यांदा माणसाला भेटतो," मामा म्हणाले. "जखमेला नंतर."

ही रीत ते परदेशात शिकले होते. तरुणपणी तिकडे गेले ते एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरी दाबायला. तिथे त्यांना त्यांचा माणूस भेटला. छापखान्यात कामाला, बोलायला तिखट, चालायला मंद. एका खोलीत दोघांनी संसार केला. भांडले, रुसले, एकमेकांचे मोजे घालून कामाला गेले. अशा पुरुषांना तिकडेही कुणी पायघड्या घालत नव्हतं. कळलं की नोकरी जायची, घरमालक सामान रस्त्यावर काढायचा. मग धुलाईखान्याच्या मागच्या खोलीत चारदोन जण जमू लागले. पुठ्ठे, काठ्या, रंगाचे डबे. सुट्टीच्या दिवशी नगरपालिकेच्या पायऱ्यांवर पुठ्ठे धरून उभं राहायचं. येणारेजाणारे थुंकायचे. एकाने बाटली फेकली, तिचा व्रण मामांच्या भुवईत राहिला. आणि ही मंडळी एक तालीम करायची. एकमेकांसमोर उभं राहून म्हणायचं, "मी असा आहे." आवाज चढवायचा नाही, कापू द्यायचा नाही, आज हवा गार आहे म्हणावं, तितक्या साधेपणाने. पहिल्या वेळी मामांना ते एवढंसं वाक्यही पुरं करता आलं नव्हतं. पुढे ते इतकं अंगवळणी पडलं की त्याची भीतीच गेली.

मग त्यांच्यात तो आजार शिरला. इस्पितळात त्यांच्या माणसांच्या खोल्यांत कुणी पाऊल टाकेना. जेवणाची ताटं दाराबाहेर जमिनीवर ठेवून नोकर निघून जायचे. मंडळींनी पाळ्या लावून घेतल्या. दाराशी ठेवलेलं ताट उचलून आत न्यायचं, भरवायचं, पाठ पुसायची. पण सगळ्याआधी उघड्या हाताने हात धरायचा, हा नियम. मामांचा माणूसही शेवटी तशाच एका खोलीत गेला. त्याच्या पाठीवरची जखम धुता धुता मामांचा हात तयार झाला. तो गेल्यावरही ते बरीच वर्षं पुठ्ठे रंगवत राहिले. मग इकडे त्यांची थोरली बहीण एकटी पडली, तिचे गुडघे धरले, आणि ते परत आले.

ताईला सगळं ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली होती, "मला सांगितलंस ते बरं केलंस. आता दवंडी पिटू नकोस. इथली माणसं वाईट नाहीत रे, पण रिकामी आहेत."

वस्तीतल्या सगळ्या दारांत मामांना आवडतं दार शिंपीकाकांचं. म्हाताऱ्याने उभा जन्म पायाने मशीन चालवली होती. मशीनचा पाय म्हणजे उजवा. त्यालाच जखम झाली. साखरेने पावलांची जाणीव गेलेली, त्यात सुईचा तुकडा तळव्यात घुसला आणि काकांना पत्ताच नाही. "शिंप्याच्या घरी सुई हरवली तर घरभर बोंब होते," काका म्हणायचे, "आणि माझ्या पायात सापडली तेव्हा कुणी शोधतही नव्हतं." खाली दुकान होतं. तिथे आता मुलगा तयार कपडे विकायचा. काकांना ते पटत नसे. "मी माणसाच्या मापाचे कपडे शिवले, हा माणसांना कपड्याच्या मापाचं करतो."

मामा एक दिवसाआड जायचे. जखम धुवायची, कडा बघायच्या, बोटं एकेक करून तपासायची. दुखत नसलेल्या पायाची चौकशी डोळ्यांनीच करावी लागते. महिनोन् महिने लागले, पण खड्डा तळातून भरत आला.

एकदा मामा पट्टी गुंडाळत होते आणि सूनबाई चहा घेऊन आली. बोलकी, कामसू, मनाने सरळ बाई. म्हणाली, "मामा, रागावू नका, पण तुमचं कुणीच कसं नाही? माझी एक आत्तेबहीण आहे. नवरा वारला, स्वभावाने गरीब. उतारवयात सोबत नको का?"

"अगं, त्याच्या तोंडाकडे बघ," काका म्हणाले. "लग्नाचं नाव काढलं तर पट्टी उलटी बांधेल."

मामा हसले आणि तालमीतलं वाक्य, सवय पडली होती म्हणून, सहज तोंडातून गेलं. "माझं होतं की माणूस. तिकडे. बरीच वर्षं एकत्र होतो. तोही पुरुषच होता. त्याच्याच जखमा धुताना हे शिकलो बघा."

सूनबाईने कप मामांजवळ खाली ठेवला. काका खिडकीबाहेर बघत राहिले. "चहा निवतोय," ते म्हणाले. मामांनी गाठ मारली, पिशवी आवरली आणि जिना उतरताना त्यांना कळलं की हा धुलाईखान्यामागचा अड्डा नव्हता.

सूनबाईने नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने दुकानात एकालाच सांगितलं, आणि एकाला सांगितलेलं आठवड्यात गल्लीभर झालं. कुणी भांडायला आलं नाही. फक्त "आहे का कुणी जागं?" म्हटलं की आतला टीव्ही बारीक व्हायचा. एका घरी दार उघडलं, पण चहाचा कप वेगळा, कान तुटलेला. एका घरून निरोप आला, आजोबांना आता बरं आहे. त्या आजोबांच्या पाठीच्या जखमेतून हाड दिसत होतं.

शिंपीकाकांचा मुलगा जिन्यातच आडवा उभा राहिला. तोही वाईट नव्हता. मामांकडे बघवत नव्हतं त्याला, म्हणून तो पिशवीकडे बघत होता.

"मामा, तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत. पण दुकान आहे माझं. लोक विचारतात. तुम्ही एवढंच करा, चार जणांसमोर म्हणा, गंमत केली होती. आमची ही चेष्टा करत होती, तुम्हीही केली. विषय संपला."

"तुला काय वाटतं, गंमत होती?"

"मला काय वाटतं ते राहू द्या. नुसतं म्हणायचं आहे."

"ते नुसतं म्हणायला शिकायला माझी पाच वर्षं गेली रे," मामा म्हणाले. "उलटं कसं म्हणू? वर जाऊ दे मला. पायात जाणीव नाही त्यांच्या, डोळ्यांनीच बघावं लागतं."

"आम्ही बघतो."

मामा परतले. डॉक्टरीणबाईंनी फोन केला, तर मुलाने सांगितलं की आता मोठ्या डॉक्टरांकडे दाखवतोय. मोठे डॉक्टर म्हणजे औषधाच्या दुकानातलं एक मलम होतं, हे पुढे कळलं. घरी ताई पाय शेकत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तोंड तुझं आहे, पाय त्याचा आहे. मी कुठल्या बाजूने बोलू?"

मामांनी त्या दिवसांत ताईच्या गुडघ्यांना इतकं तेल चोळलं की ती म्हणाली, माझं कातडं तरी राहू दे. कोपऱ्यात पिशवी तशीच होती. शिंपीकाकांच्या खिडकीखालून जाताना ते वर बघायचे. पडदा ओढलेला असायचा.

मग एके सकाळी किराणा दुकानात सूनबाई भेटली. तिने फिनेलच्या दोन बाटल्या घेतल्या होत्या. नजर चुकवत होती, पण बोलल्याशिवाय राहवेना. "उंदीर मेलाय कुठेतरी," ती म्हणाली. "मामंजींच्या खोलीत. कपाट ओढलं, गादी उन्हात टाकली, सापडतच नाही. ते म्हणतात, मला तर काही दुखत नाही, कशाला धावपळ करता."

मामांच्या हातातली साखरेची पिशवी तिथेच काउंटरवर राहिली.

मुलगा दुकानात गिऱ्हाइकाला शर्ट दाखवत होता. शेजारचा घड्याळवाला, समोरची भाजीवाली, आणखी दोघंतिघं रिकामी बसलेली होती. मामा आत गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "त्या दिवशी मी गंमत केली होती. असं काही नव्हतं."

आवाज चढला नाही, कापलाही नाही. तालीम चांगली झाली होती.

सगळ्यांना केवढं हायसं वाटलं. घड्याळवाल्याने पाठीवर थाप मारली. "मामा, तुम्ही पण ना. जीव टांगणीला लावलात." भाजीवाली म्हणाली, "मी तर आधीच म्हटलं होतं, हा माणूस तसा वाटत नाही." मामा तोवर जिन्यात होते.

वर काका पलंगावर बसून जुन्या कोटाचं अस्तर उसवत होते. "आलास," ते म्हणाले. मामांनी हात धुतले, उघडा हात घोट्यावर ठेवला. घोटा तापलेला होता. पट्टी सोडताना तिच्याबरोबर कातडं आलं. अंगठा आणि त्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. सूनबाई दारात उभी होती. वास कुठून येतोय ते तिला कळलं आणि तिने पदर तोंडात कोंबला.

"काय म्हणतंय?" या वेळी काकांनीच विचारलं.

"इस्पितळात जायचंय," मामा म्हणाले.

पाय गुडघ्याखालून कापला.

वस्तीची दारं पुन्हा उघडली. कान तुटलेला कप कुठेतरी गेला, आतून ठरलेली उत्तरं येऊ लागली, "जागे आहोत, पण उठवत नाही." मामा पट्ट्या बांधत होते, हात तसाच हलका होता, पण साद घालणं त्यांनी सोडलं. आता नुसती कडी वाजवायचे. ताईला एकदा म्हणाले, "त्याचं थडगं तिकडे आहे म्हणून बरं. इथे असतं तर रस्ता बदलून जावं लागलं असतं." ताईने तेलाची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

शिंपीकाका घरी आले तेव्हा टाक्यांची पट्टी बदलायला मामाच गेले. मामांच्या हात धुण्यासाठी मुलगा कोमट पाण्याचं पातेलं आणायला गेला होता. पूर्वीही तो ते पलंगाजवळ स्टुलावर आणून ठेवायचा.

काकांनी हळूच विचारलं, "गंमत केली होतीस?"

मुलगा पातेलं घेऊन दारात आलेला मामांना दिसला. काकांनाही दिसला. म्हाताऱ्याने प्रश्न परत विचारला, या वेळी मोठ्याने. "तो माणूस होता ना तुझा? की गंमत?"

"होता," मामा म्हणाले.

"मला वाटलंच. तुझ्या गमती मला पाठ आहेत, त्यात असली एकही नाही. माझ्या पायासाठी बोललास."

"हो."

"पाय तर गेला," काका म्हणाले. "मग शब्द कशाला गहाण ठेवतोस? घे परत."

मुलगा दारातच होता. त्याच्या मनात काय आलं ते त्याच्या तोंडावर दिसलं नाही. मग तो वाकला, पातेलं दाराबाहेर जमिनीवर ठेवलं आणि जिना उतरून दुकानात गेला.

उद्या कुठलं दार बंद होणार, हे मामांना आता विचारावं लागत नव्हतं. ते उठले, दाराशी गेले. दाराबाहेर ठेवलेलं उचलून आत आणायची त्यांना सवय होती. पातेलं स्टुलावर ठेवलं, साबण लावून हात धुतले, पुसले, आणि उघडा हात उरलेल्या गुडघ्यावर ठेवला.

"काय म्हणतंय?"

"अंगठा खाजतोय," काका म्हणाले.

"कुठला?"

"तो नेलेला. होता तेव्हा काही कळत नव्हतं त्याला."

मामांनी हात तसाच राहू दिला. हातमोज्यांची घाई नव्हती.