डोळ्यांची आखणी

"माप घेतोय बाय, जीव न्हाय घेत!" असं म्हणत काका हनुवटीपासून कपाळापर्यंत सुतळी लावायचे. आमच्या बोर्ली पंचतन गावात त्यांच्या सुतळीतून कोण सुटलं असेल तर सांगा.

काका माझे शेजारी. जन्मभर गणपती घडवले. काकी गेल्या आणि यांनी भलतंच धरलं. शाडूची माणसं करायचे, पण प्रत्येक माणूस शंख होत चाललेला. एकाचा नुसता कान वळलेला, दुसऱ्याचं अर्धं अंग आत गेलेलं. चेहरा सगळ्यांना काकांचाच. मी भाकरी ठेवायचे ती मूर्तींकडे पाठ करून हो!

"मापं गावाची आणि तोंड तुमचं?" मी एकदा चिडूनच विचारलं.

"शंख केवढाबी वाढू दे, प्रमाण तेच ऱ्हातं. माणूस लहानपणी नुसतं डोकं, म्हातारपणी आटतो. प्रमाण न मोडलेला एक तरी माणूस गावतो का, बघतोय."

"गावला?"

"न्हाय. मग माझंच तोंड लावलं. फुकट हाय."

मला धीर एकाच गोष्टीचा होता. एकाही मूर्तीला डोळे नव्हते. डोळ्यांची आखणी शेवटी करतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. काका म्हणायचे, "डोळे दिले की मूर्तीनं निघायचं असतं."

मग काकाच आटायला लागले. सदरा खांद्यावरून घसरायचा, भाकरी अर्धी परत यायची. शेवटची मूर्ती तर नुसता शंख, तोंडाशी चेहरा तेवढा उरलेला. एक दिवस बघते तर काळा रंग कालवलेला, शेजारी बारीक ब्रश. ब्रश पदराखाली घातला आणि घरी तांदळाच्या डब्यात खुपसला. म्हटलं, बघू आता काका कसे जातात!

दुसऱ्या दिवशी काका हसत होते. "बाय, मांजर ब्रश नेतं का गं?"

"नेत असेल."

"सांग त्याला, बोट ऱ्हायलंय माझं."

शिमग्याच्या आधी एका सकाळी हाक मारली, तर ओ आली नाही. दार उघडंच होतं. काका भिंतीला टेकून बसलेले, गार. तर्जनी काळी. शंखातल्या चेहऱ्याला डोळे दिलेले, जाडजूड, एक वर एक खाली.

गाव जमलं, काकांना नेलं. मग कुणीतरी म्हणालं, डोळे दिलेत, आता मूर्तीचं विसर्जन करायला हवं. मी दार अडवून उभी राहिले. त्या डोळ्यांची मला भीती वाटत होती, अजून वाटते. पण ते दाराकडे, मी भाकरी घेऊन येते त्या वाटेकडे बघत होते. उपाशी कसं पाठवू?