आधी गाडी बंद करा

१९९९ मध्ये लग्न होऊन गोंदियाजवळच्या दवनीवाड्याहून निघाले, तेव्हा धान कापणीला आलं होतं. आई सडकेपर्यंत पोचवायला आली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "तिथं कोनाले भेऊ नोको."

मी मान हलवली, आणि पुण्यातलं पहिलं वर्ष भीतभीतच काढलं. रस्ता ओलांडायचा म्हटलं की पाय उचलत नसत. तोंडून 'का'ऐवजी 'काऊन' निघालं की शेजारणी हसत, म्हणून बोलणंही कमी केलं. फुटपाथवर थांबून सावकाश श्वास घ्यायची, चपलेखालची जमीन जाणवू द्यायची, मगच पाऊल टाकायची.

पुढे त्याच सवयीवर माझं पोट भरू लागलं. गाडी शिकले, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला लागले. घाबरणाऱ्या बायका माझ्याकडे पाठवत. मी आधी गाडी बंद करायला सांगायची. सीटला टेकलेली पाठ, स्टिअरिंगवरचे हात, आतबाहेर होणारा श्वास, लक्ष फक्त तिथं. याला माइंडफुलनेस म्हणतात, हे एका विद्यार्थिनीनं सांगितलं.

गावी राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांना हे सांगायचं कारण म्हणजे माझी वहिनी.

काही वर्षांपूर्वी आईचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा गोंदियाला न्यायचं. दादा नोकरीला रायपूरला. दारात गाडी, पण चालवणारं कोणी नाही. मी महिन्याची सुट्टी टाकून वहिनीला शिकवायला गेले. पहिल्याच सकाळी समोरून ट्रक हॉर्न देत आला आणि वहिनीनं स्टिअरिंग सोडून डोळेच मिटले. मी हँडब्रेक ओढला. गाडी शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून थांबली.

वहिनी म्हणाली, "मायाच्यानं नाई होत, बाई. बुढीले मारून टाकीन मी."

नका चालवू, नुसत्या बसा, मी म्हटलं. मग रोज सकाळी सडकेच्या कडेला गाडी बंद करून आम्ही बसायचो. ट्रक गेला की छातीत काय होतं, हात कुठे आवळतात, ते ती सांगायची. पुन्हा श्वास. एकदा सायकलवरून जाणारे एक काका थांबून म्हणाले, "गाडी चालवून राहिल्या का झोपून राहिल्या?" त्यावर वहिनी खळखळून हसली. हसता हसताच तिनं चावी फिरवली.

लायसन्स मिळालं. मी पुण्याला परतले, पण डायलिसिसच्या दिवशी माझं लक्ष फोनवरच असायचं.

एका दुपारी तो वाजला. गोंदियाच्या गर्दीत गाडी बंद पडली होती, मागून सगळे हॉर्न वाजवत होते, वहिनी सांगत होती. "मी थांबली. श्वास घेतला. मंग काढली गाडी." मागून आईचा आवाज आला, "चांगली चालवते वं."

आता गावातल्या दोघी वहिनीकडे गाडी शिकतात. पूर्वी घर म्हटलं की मागे राहिलेली माणसं आठवायची आणि जीव तुटायचा. आता वेगळंच दिसतं. दोन्ही बाजूंनी धान, खिडकी उघडी, आई पुढच्या सीटवर, आणि वहिनीचे हात स्टिअरिंगवर सैल.